कोरी ठेवलेली स्लाइड

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर फळा होता. बाहेरून येणाऱ्याला त्याचे नवल वाटे. मला वाटत नसे, कारण घरात जशी चूल असते तसा फळाही असतो अशीच माझी समजूत होती. बाबा आमच्या गावच्या शाळेत शिक्षक. दर उन्हाळ्यात ते शाळेचा आणि घरचा असे दोन्ही फळे एकाच दिवशी काळे करीत. कोळसा कुटून वस्त्रगाळ करायचा, त्यात माक्याच्या पाल्याचा रस घालायचा आणि जुन्या धोतराच्या बोळ्याने तो वरून खाली, एकाच दिशेने ओढायचा. हात उलटा फिरला तर फळा चमकतो आणि मागे बसलेल्या मुलाला अक्षर दिसत नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितले होते की आजही भिंत रंगवणारा माणूस दिसला तर माझे लक्ष आधी त्याच्या हाताच्या दिशेकडे जाते. आईचा मात्र त्या फळ्यावर राग होता. फोडणीचा धूर त्यावर बसे, आणि पाटावर बसलेल्या पाहुण्याच्या पाठीला खडू लागे. "देव कोपऱ्यात अन् फळा मधात," ती म्हणे. "पाहुण्याले समजत नाई, इथं जेवण भेटते का शिकवणी."

बाबांच्या शिकवण्याची एक रीत होती. पुढे जे घडले ते त्या रीतीतूनच घडले, म्हणून ती आधी नीट सांगायला हवी. धडा सुरू करण्यापूर्वी ते फळ्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट आखीत आणि ती कोरी ठेवीत. उरलेल्या फळ्यावर चित्रे काढीत. सावलीतल्या दोरीवर ओला कपडा, शेजारी उन्हातल्या दोरीवर ओला कपडा, वर सूर्य. मग खडू मुठीत घेऊन, दोन्ही हात पाठीमागे बांधून ते बाजूला उभे राहत आणि काही बोलत नसत. बाहेर धान गिरणीची पुकपुक चाले, खिचडीला फोडणी बसल्याचा वास येई, कोणी एका पायाने दुसऱ्या पायावरचा डास झटकी. मग कुठून तरी एक आवाज येई: "गुरुजी, उनातला लवकर सुकते." बाबा वळत आणि ते वाक्य जसेच्या तसे, त्या मुलाच्या बोलीत, चौकटीत लिहीत. शुद्धलेखन नंतर. मी एकदा विचारले होते की तुम्हीच आधी का लिहीत नाही. ते म्हणाले, "मी लिहिलं तर ते फळ्यावर राह्यते. अन् फळा संध्याकाळी पुसावाच लागते."

हीच रीत ते घरीही चालवीत. उन्हाळ्यात आई लाखोळीच्या डाळीचे वरण आणि भात करी, सोबत वाळवलेल्या झिंग्यांची चटणी असे. बाबा पहिला घास घेत आणि म्हणत, "आज वरणात काय नवीन आहे, सांग बरं." मी अंदाज करीत बसे आणि भात निवत जाई. "तिले जेवू द्या जी," आई म्हणे. "मीठ जास्त झालं. हे उत्तर. आता जेवा दोघंही." बाबा हसत, पण आईने चौकट आधीच भरून टाकल्याची थोडी खंत त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. आई हे सारे करमणूक म्हणून घेई. वर्गात ज्याला धीर म्हणतात तो वर्गाबाहेर किती महाग पडतो, हे तेव्हा आम्हा तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

गाव आमचे लहान. बाजाराला सानगडी. गावाला लागून मोठा जुना तलाव, त्याच्या मातीच्या पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे. तलाव भरला की जास्तीचे पाणी एका बाजूच्या खोलगट सांडव्यातून सुटते आणि नाल्याला मिळते. सांडव्याच्या अलीकडे आमचे गाव, पलीकडे शेजारचे. उन्हाळ्यात त्या सांडव्यातून बैलगाडी जाई, पोरे त्यात गोट्या खेळत. रोवणीचे, भाताची रोपे लावायचे दिवस आले आणि तलाव भरला की मात्र तिथून दिवाळीपर्यंत पाणी वाहत राही आणि ती वाट जगातून नाहीशी होई. पलीकडे जायचे असेल तर सानगडीवरून लांबचा फेरा घ्यायचा. हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. आपले घर कुठे आहे हे जसे कोणी शिकवत नाही, तसेच ते होते.

मी बारावीची परीक्षा देऊन सानगडीच्या संगणकवर्गाला जाऊ लागले त्या उन्हाळ्यात बातमी आली की पट कमी असल्यामुळे आमची शाळा बंद होणार आणि मुलांना पलीकडच्या गावच्या शाळेत पाठवणार. नकाशावर ती शाळा जवळच होती. निर्णयापूर्वी गावांचे म्हणणे ऐकून घेतले जाईल, प्रत्येक गावाला थोडा वेळ मिळेल, म्हणणे स्लाइडवर मांडावे, असा शिक्षण खात्याच्या साहेबांचा निरोप आला. सरपंचांनी ते काम बाबांकडे दिले आणि बाबांनी माझ्याकडे पाहिले, कारण घरात स्लाइड हा शब्द कळणारी मी एकटीच होते.

संगणकवर्गाच्या सरांनी त्यांचा लॅपटॉप काही दिवसांसाठी दिला. पाटावर लॅपटॉप, मागे फळा, समोर चूल, अशा बैठकीत आम्ही काम सुरू केले. मी वर्गात शिकले होते ते सगळे वापरले: एकाखाली एक मुद्दे, प्रत्येकापुढे ठिपका, आणि अक्षरे डावीकडून गिरक्या घेत येतील अशी योजना. आई भाकरी थापता थापता थांबली. "हे अक्षरं कायले नाचून राहिले?"

"लक्ष वेधायला," मी म्हणाले.

"लग्न आहे का कोनाचं?"

बाबांनी मुद्दे वाचले आणि ते सगळे काढून टाकायला सांगितले. त्यांना राग आला नव्हता, उलट त्यांच्या डोळ्यांत मी फार दिवसांनी एक चमक पाहत होते. आयुष्यभर खडूने तलाव काढणाऱ्या माणसाला खरा तलाव भिंतीएवढा दाखवता येणार होता. "पाह्य," ते म्हणाले, "जे मी तोंडानं सांगू शकतो ते इथं कायले लिवाचं? जे तोंडानं सांगता येत नाई ते इथं दाखवू." एका स्लाइडवर एकच गोष्ट असावी. ती गोष्ट मागे बसलेल्याला दिसावी. एकीवरून दुसरीवर जाताना पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहावा. मी आता अध्यापक विद्यालयात शिकवते आणि छात्राध्यापकांना हेच सांगते. या विषयावर पुढे मी जे वाचले त्यात याहून फारसे वेगळे काही सापडले नाही. स्लाइड हे वाईट साधन नाही, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण या प्रकरणाचा शेवट वाचून कोणी तसा निष्कर्ष काढील.

फोटो सरांच्या मोबाइलवर काढले. शेजारच्या सुगंधाकाकूंची पिंकी तिसरीत होती. शाळेबद्दल कोणी विचारले की ती न विचारलेल्या कविताही म्हणून दाखवी. तिला सोबत नेले. पहिला फोटो शाळेचा. दुसरा पाळीवरून तलावाचा. तिसरा सांडव्याचा, मधोमध दप्तर घेऊन पिंकी. चौथा सांडव्याच्या काठच्या अर्जुनाच्या झाडाचा. त्याच्या खोडावर दर वर्षीच्या पाण्याने चिखलाची रेघ ओढली होती, आणि खोडाला टेकून उभ्या राहिलेल्या पिंकीच्या हनुवटीला ती रेघ लागत होती. पाण्याचा फोटो आमच्याकडे नव्हता. पाणी असते तेव्हा तिकडे कोणी जात नाही, मग फोटो कोण काढणार? इंटरनेटवरून एखाद्या पुराचा फोटो घेऊ, असे मी सुचवले. बाबांनी मान हलवली. "ते आपलं पाणी नाई."

पाचवी स्लाइड त्यांनी कोरी ठेवायला सांगितली.

मला वाटले, तिच्यावर काय घालायचे ते त्यांचे ठरायचे असेल. पण त्यांनी फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले आणि मला समजले. चौथ्या चित्रानंतर ते हात मागे बांधून उभे राहणार होते. उत्तर साहेबांनी द्यायचे होते. आईने वरणाचे पातेले उतरवले आणि पदराने घाम टिपला. "आखरीले लिवून टाका ना जी, शाळा ठेवा म्हनून. साहेब लोकाईले घाई राह्यते."

"ते शिकलेले लोक आहेत," बाबा म्हणाले. "तिसरीतल्या पोराले जे समजते ते त्याईले समजन नाई का?"

दिवेलागणीला शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर आम्ही तालीम केली. भिंत चुन्याची होती, सरांनी प्रोजेक्टरही आणला होता. सगळा गाव आला. कधी शाळेच्या आवारात न आलेल्या म्हाताऱ्या सतरंजीवर पुढे बसल्या. तलाव भिंतीवर आला तेव्हा एकदम कुजबूज झाली. रोज ज्याच्या काठावरून जातो तो तलाव सगळ्यांनी मिळून, एकाच वेळी, एकाच जागी बसून पूर्वी कधी पाहिला नव्हता. कोणी आपली बांधी शोधली, कोणी म्हणाले, "थे पाय, माहा बैल." पिंकी भिंतीवर दिसली तेव्हा खरी पिंकी सुगंधाकाकूंच्या मांडीवर तोंड लपवून हसत होती. मग अर्जुनाचे झाड आले, आणि बाबांनी कोरी स्लाइड येण्याची खूण करण्यापूर्वीच मागून कोणी ओरडले, "पोट्टी बुडते ना गा!" त्यानंतर कोरी, पांढरी भिंत आली आणि तिच्या उजेडात सगळे बोलू लागले. कोणाची म्हैस कोणत्या सालच्या पाण्यात गेली, कोणाच्या बहिणीला माहेरी येता आले नाही, आजारी माणसाला खाटेवरून फेऱ्याने कसे नेले. ज्या माणसांना सभेत उभे केले तर दोन वाक्ये सुचत नसत ती एकमेकांची वाक्ये पूर्ण करीत होती. बाबा एका बाजूला उभे होते, हात मागे, आणि प्रोजेक्टरच्या उजेडाची कड त्यांच्या चेहऱ्यावर पडली होती. इतके समाधानी मी त्यांना त्यापूर्वी पाहिले नव्हते. त्यानंतरही नाही.

आज मला वाटते की आमची चूक त्या संध्याकाळी पक्की झाली. चित्रांनी काम केले असे आम्ही समजलो. चित्रांत पाणी कुठेच नव्हते. पाणी पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत होते आणि चित्रांनी त्याला फक्त जागा करून दिली होती. ज्याच्याजवळ आधीच काही आहे त्याच्यातून ते बाहेर काढण्याचे सामर्थ्य स्लाइडमध्ये मोठे आहे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला ती फक्त जे दिसते तेच देते. हे वाक्य मला तेव्हा सुचले असते तर कदाचित काही फरक पडला असता, किंवा पडला नसता.

सुनावणीच्या दिवशी साहेबांच्या सभागृहात पडदे ओढलेले होते आणि बाहेरच्या उन्हाचा मागमूस नव्हता. थंडी इतकी होती की सुगंधाकाकूंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. त्या आणि सरपंच मागच्या खुर्च्यांवर बसले. पिंकीला आणले नव्हते. टेबलावर प्रत्येक साहेबांसमोर पाण्याची लहान बाटली आणि बिस्किटांची बशी होती. आमच्या आधीच्या गावाने रंगीत आलेख दाखवले. त्यांच्या माणसाने स्लाइडवरचे प्रत्येक वाक्य वाचले, साहेबांनीही मनात वाचले, आणि दोघेही साधारण एकाच वेळी शेवटी पोचले. मग आमचा क्रमांक आला. मी लॅपटॉपपाशी बसले. बाबा पडद्याच्या बाजूला उभे राहिले, स्वच्छ इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि सवयीने त्यांची मूठ नसलेल्या खडूवर आवळली गेली.

शाळा आली. तलाव आला. "सुंदर आहे हो," मुख्य साहेब म्हणाले. ते मनापासून म्हणाले. त्यांना मी कधीही दुष्ट माणूस म्हणून आठवू शकले नाही. सकाळपासून ते गावांमागून गावे पाहत होते. सांडवा आला. कोरडा, रुंद, पांढऱ्या वाळूचा, मधोमध हसणारी मुलगी. शेजारचे तरुण अधिकारी पुढे वाकले. "हाच रस्ता ना पलीकडच्या शाळेचा? चांगला आहे की. सायकलसुद्धा जाईल."

बाबांनी ते ऐकून घेतले. धड्याच्या मध्ये मूल चुकले तरी ते त्याला तोडत नसत. पुढचे चित्र ते दुरुस्त करील, असा त्यांचा हिशेब असे. त्यांनी मला मानेने खूण केली. झाड आले. रेघ स्पष्ट दिसत होती. माझ्या मनात मी ती रेघ बोटाने दाखवत होते.

"मोठं झाड आहे," साहेब म्हणाले. "कशाचं?"

"अर्जुनाचं," बाबांनी उत्तर दिले. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, न विचारलेल्याचे नाही, हा त्यांचा नियम होता.

मग पडदा पांढरा झाला. बाबांनी हात मागे बांधले आणि ते थांबले. प्रोजेक्टरची घरघर चालू होती. कोणी तरी बिस्कीट मोडले. मी साहेबांच्या चेहऱ्यांकडे पाहत होते आणि चौकटीत काही येते आहे का ते शोधत होते. तरुण अधिकाऱ्यांनी मोबाइल पाहिला. मुख्य साहेब पडद्याकडे पाहत राहिले, मग त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि मला क्षणभर वाटले की उत्तर आले.

"फाइल अडकली का?" ते म्हणाले.

बाजूला उभा असलेला संगणकाचा माणूस लगबगीने आला, माझ्या हाताशेजारून त्याने एक कळ दाबली आणि पडदा काळा झाला. "अडकली नाही सर, संपली."

"झालं का गुरुजी? छान. वेळेच्या आत संपवलंत. असं सुटसुटीत पाहिजे." दिवे लागले. बाबा तसेच उभे होते. "साहेब, अजून उत्तर," ते म्हणाले आणि थांबले, कारण ते वाक्य कसे पूर्ण करावे हे त्यांना माहीत नव्हते. ते त्यांनी पूर्ण करायचेच नव्हते. तेवढ्यात मागून सुगंधाकाकू उभ्या राहिल्या. हात जोडलेले, आवाज मोठा.

"साहेब, तिथं पानी राह्यते. रोवन्यापासून दिवारीलोक."

साहेबांनी पडद्याकडे पाहिले. तिथे आता पुढच्या गावाचे नाव उमटले होते. "फोटोत तर कुठे दिसलं नाही, ताई," ते समजुतीने म्हणाले. "तसं असेल तर लेखी द्या."

परतताना आम्ही बसस्थानकावर आईने बांधून दिलेली शिदोरी सोडली. सरपंच म्हणाले, "मास्तर, एक वाक्य बोलाले पाहिजे होतं जी." बाबा म्हणाले, "हो." भात तसाच राहिला. सुगंधाकाकूंनी तो पुन्हा फडक्यात बांधला.

लेखी दिले. बाबांनी ते सुवाच्य अक्षरात, समासासहित लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. आदेश मात्र आला. शाळेला कुलूप लागले, बाबांची बदली पलीकडच्या शाळेत झाली आणि सांडव्याला पाणी कधी सुटेल याचा नेम नसल्याने ते पहिल्या दिवसापासून सानगडीच्या फेऱ्याने सायकलवर जाऊ लागले. तिथे नवा पडदा होता आणि सगळे धडे तयार स्लाइडवर होते. प्रश्न येई आणि मागोमाग, कोणी तोंड उघडण्यापूर्वी, उत्तर सरकत येई. त्या वर्षी घरचा फळा काळा झाला नाही. आईने स्वतःहून कोळसा कुटून ठेवला होता. तो तसाच डब्यात राहिला, आणि फळ्यावर जो धूर बसत होता त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

तलाव भरला त्या सकाळी मी पाळीवर होते. सांडवा काठोकाठ वाहत होता, लाल पाणी, आणि अर्जुनाच्या खोडावरची रेघ बुडाली होती. अलीकडच्या काठावर दप्तरे घेऊन पोरे उभी होती, पुढे पिंकी. पलीकडे बाबा, सायकलला टेकून, सदरा भिजलेला. ते शाळेतून मुलांना बघायला आले होते. दोघांच्या मध्ये ते पाणी, जे आम्ही कोणालाही दाखवू शकलो नव्हतो. पोरे त्यांच्याकडे पाहून गप्प झाली, कारण बाबांनी सवयीने हात मागे बांधले होते, आणि त्यांनी हात बांधले की विचार करायचा असतो हे त्या पोरांना पक्के माहीत होते. पिंकी एक पाऊल पुढे सरकली. तिने पाण्याकडे पाहिले, झाडाकडे पाहिले. तिच्या ओठांवर उत्तर तयार होत होते.

बाबांनी ते येऊ दिले नाही. हात सोडून, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून, पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी स्वतःच सांगून टाकले, "घरी जा. पोराहो, घरी जा."

पोरे वळली. दिवाळीनंतर सांडवा कोरडा पडला आणि काही जण पुन्हा जाऊ लागले. पिंकी तोवर आईबरोबर धान कापणीला जायला शिकली होती.